साडूंनी वाचलेला परवाना

सत्तावन्नच्या उठावानंतर कंपनी सरकार बुडालं, ही बातमी सगळ्या जगाला पटली. आमच्या साडूंना मात्र शेवटपर्यंत पटली नाही. त्यांच्या मते कंपनी नुसती पाटी बदलून बसली होती, आणि नेमकी कुठं बसलीय हे शोधायलाच परमेश्वरानं त्यांना दुबईला धाडलं होतं. खरं म्हणजे धाडलं मी. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पनवेलला इतिहासाचे मास्तर. शाळा विनाअनुदानित, पगार त्याहून विनाअनुदानित. तेव्हा नव्वदनंतरच्या त्या भरभराटीच्या वर्षांत हिच्या आग्रहावरून मी त्यांना दुबईच्या देरा भागातल्या आमच्या ट्रेडिंग कंपनीत स्टोअरकीपर म्हणून चिकटवलं. कंपनी नळ, पाइप आणि संडासाची भांडी विकायची. साहेब इंग्रज. हा योग जुळवताना माझं डोकं कुठं होतं, असं ही मला अजून विचारते.

अल क्वोजमधल्या आमच्या वेअरहाउसला साडू 'वखार' म्हणत. इंग्रजांनी सुरतेला काढली तीही वखारच, हे ते आल्यागेल्याला ऐकवत. आधी माल ठेवायला जागा, मग मालाला राखण, मग राखणीला शिपाई, आणि मग शिपायांच्या पगारासाठी आजूबाजूचा मुलूख. फोन उचलला की पहिलं वाक्य, "वखारीतून बोलतोय." एकदा संगमेश्वरहून नव्यानं आलेल्या एका लोडरला त्यांनी फोनवर सांगितलं, सकाळी वखारीत ये. आपल्याकडे वखार म्हणजे लाकडाची. तो बिचारा दोन गल्ल्या पलीकडच्या लाकूडवाल्याकडे गेला आणि दुपारपर्यंत तिथं प्लायवूड उतरवत राहिला. तिथल्या पठाण मुकादमानं त्याला पोटभर जेवूही घातलं, पुन्हा उद्या ये म्हणाला. मी चिडलो. साडू शांतपणे म्हणाले, चूक त्याची नाही; माणूस एकदा वखारीत शिरला की कोणाची वखार हे विचारायचं त्याला भान राहत नाही, दोनशे वर्षं आपलं तेच झालं.

दुसरी खोड परवान्याची. तिकडे प्रत्येक दुकानात धंद्याचा परवाना काचेच्या चौकटीत लावलेला असतो. माझ्यासारखी माणसं दुकानात गेली की माल बघतात. साडू आधी भिंतीपाशी जाऊन परवाना वाचत. त्याला ते 'सनद' म्हणत. आम्ही सहकुटुंब ज्यूस प्यायला गेलो, ग्लासामागे दोन दिरहम, म्हणजे वीस-एक रुपये, आणि हे चष्मा कपाळावर चढवून चौकटीला नाक लावून उभे. फळांच्या रसाची सनद असताना समोसे कसे विकता, हे त्यांनी केरळी मालकाला हिंदीत विचारलं. मालक घाबरला, त्याला वाटलं, म्युनिसिपालिटीचा माणूस. माझी मुलगी म्हणाली, "काका, इट्स जस्ट अ समोसा." त्यावर तिला देऱ्याच्या फुटपाथवर अर्धा तास धडा मिळाला. इंग्लंडच्या राणीनं कंपनीला सनद दिली ती मिरी-लवंगांच्या व्यापाराची, सारा वसूल करायची नव्हे. कॅनडात केसाळ कातडी घ्यायला गेलेल्या कंपनीच्या हाती अफाट मुलूख आला; आफ्रिकेत पामतेलवाल्या कंपनीनं राजांकडून तहांवर अंगठे घेतले, सरकारचा झेंडा मागाहून पोचला. शेवटी ते मुलीला म्हणाले, "व्यापारी सनदेबाहेर पहिलं पाऊल टाकतो ना बेटा, तेव्हाच हटकायचं. पुढची पावलं मोजायला आपण आपल्या घरात नसतो." मुलीनं "ओके काका" म्हणून समोसा संपवला.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण एक दिवस ऑफिसातून सर्क्युलर निघालं: सुरक्षिततेसाठी सर्वांनी आपापले पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत जमा करावेत. गोळा करायचं काम ॲडमिनचं, म्हणजे माझं. माझा स्वतःचा मी पहिल्याच तासाला, कोणी मागायच्या आत दिला. मग बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन अल क्वोजला गेलो. तिथं बारा लोडर ओळीत उभे होते, आपले कोकणातले. प्रत्येकाच्या हातात पासपोर्ट, आणि नजर साडूंकडे. साडूंनी आपला शर्टाच्या आतल्या खिशात घातला आणि बटण लावलं. मी कानाशी जाऊन विनवलं, अहो, व्हिसा कंपनीच्या हातात आहे, तुमच्या मुलाचं कॉलेज आहे, सगळीकडे असंच चालतं. ते म्हणाले, चालतं हे माहीत आहे, म्हणून तर थांबलोय.

तासाभरात साहेब स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. हसत हसतच विचारलं, काय अडचण आहे. साडूंनी भिंतीवरची चौकट उतरवली, बाहीनं काच पुसली, आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, "सॅनिटरी वेअर ट्रेडिंग. पाइप्स अँड फिटिंग्ज ट्रेडिंग." मग चौकट साहेबांपुढे धरली. "सर, व्हेअर इज पासपोर्ट कीपिंग?"

साहेबांनी खरंच वाकून चौकट वाचली. मी डबा पाठीमागे लपवला, का ते विचारू नका. ओळीतल्या संगमेश्वरच्या गड्यानं आपला पासपोर्ट खिशात घातला, मग शेजारच्यानं, मग सगळ्यांनीच. त्या बारा जणांना पुन्हा कोणी विचारायला गेलं नाही. साडूंचा व्हिसा मात्र महिनाअखेर कॅन्सल झाला. खलास. विमानतळावर ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साडूभाऊ, आता तुमचा तेवढा मागून घ्या." मी म्हणालो, इन्शाल्ला. शब्दशः अर्थ देवाची मर्जी असेल तर; पण तिकडे राहिलेल्या माणसाला कळतं, की याचा अर्थ बहुधा नाही. ते बॅग उचलून आत गेले.

ते पुन्हा त्याच शाळेत शिकवायला लागले. मी माझा पासपोर्ट मागितला तो आणखी चार वर्षांनी, सात वेळा केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत आल्यावर. साहेबांनी फाइलमधून डोकंही वर न करता तिजोरी उघडली आणि तो मला दिला. इतकंच होतं. घरी येऊन पनवेलला फोन लावला. साडूंनीच उचलला, पाऊसपाण्याचं बोललो, मुलांचं बोललो. पासपोर्ट कधी मागितला, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. ते परतले त्याच आठवड्यात मी तो मागितला असणार, असं ते सासुरवाडीत सगळ्यांना सांगून बसले होते म्हणे. साडूंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सासुरवाडीत अजून तसंच समजतात, आणि मीही साडूंना खोटं पाडत नाही.