पट्टीवरची विभूती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण मिलिंदची आणि तुमची गाठ पडणार नाही — निदान मी तसं धरून चाललोय.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीची गोष्ट. परभणीत वरवर सगळं शांत होतं, पण चहाच्या टपरीवर माणसं आवाज खाली आणून बोलायची. आमच्या किराणा दुकानाच्या माडीवर काकांनी कॉम्प्युटर क्लास काढला होता. शिकवायला आम्ही दोघं — मी, आणि पालमहून एसटीनं येणारा मिलिंद. तो बौद्ध, आम्ही लिंगायत. पोरं शंका घेऊन त्याच्याकडेच जायची. मला ते खुपायचं, हेही आत्ताच सांगून टाकतो.

मशीन रखडत चालायचं. मेमरी वाढवली तर पळेल, असं कुणीतरी म्हणालं, म्हणून मी रेल्वेनं हैदराबादला जाऊन मेमरीची पट्टी घेऊन आलो. बोटभर लांब, हिरवी, कडेला सोनेरी दात. दुकानदारानं बजावलं होतं — दातांना बोट लावायचं नाही, ओल लागू द्यायची नाही. ऐकलं नव्हतं का मी? ऐकलं होतं की! पण आमच्या घरात नवी वस्तू आली की तिला विभूती लागते — तराजू असो, सायकल असो. आणि मी, पदवीधर, पोरांचा ‘सर’ — मी ओल्या बोटांनी त्या पट्टीवर विभूती ओढली. दातांपर्यंत गेली असेल का? असेल काय, गेलीच होती.

पट्टी खाचेत मी दाबली. झाकणाचे स्क्रू मिलिंदनं आवळले. बटण दाबलं — पडदा काळा, आतून नुसती पी-पी.

काका जिना चढून आले. पोरं भिंतीला चिकटली.

“कुनी हात लावला व्हता?”

मी विचार केला का? छे. जीभ आधीच तयार होती. “शेवटी मिलिंदनं,” मी म्हणालो.

खोटंही नव्हतं ना — स्क्रू त्यानंच आवळले होते! आणि काका त्यातून काय ऐकतील, ते मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर बोललो.

“तरी म्या म्हनत व्हतो, ह्या लोकायला मशीनजवळ येऊ देऊ नगं,” काका म्हणाले. “उद्यापासून येऊ नगंस तू.”

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. मी वायर गुंडाळायला लागलो.

तो गेल्यावर मी झाकण काढलं. खाचेत राखाडी चिखल. कोरड्या फडक्यानं पुसला, पट्टी पुन्हा बसवली — आणि मशीन सुरू झालं. अजून वेळ गेलेली नव्हती. काका खाली गल्ल्यावर होते, मिलिंद स्टँडवर बसची वाट बघत असणार. सायकल काढायची आणि जायचं, एवढंच तर होतं. मी खाली गेलो आणि काकांना म्हणालो, “नीट बसवली म्या.” काकांनी पेढे मागवले. मी खाल्ला.

मिलिंदनं पुढं पालमलाच कापडाचं दुकान टाकलं. परवा तिथल्या एका लग्नात तो भेटला. इतक्या वर्षांनी — पण हात धरून त्यानं मला त्याच्या मुलीपाशी नेलं. ती इंजिनिअरिंगला आहे, कॉम्प्युटरचंच शिकते.

“ह्यो माझा दोस्त,” तो तिला म्हणाला. “लय हुशार. माझ्या हातानं मशीन बिघडलं व्हतं, ह्यानं नीट केलं. तवापासून म्या मशीनला हातच न्हाई लावला बग. आपल्या हाताला ते जमतच न्हाई.”

मुलगी हसली. तोही हसला. मी मान हलवली — हो म्हणून.