उशिरा आलेल्याची बाजू

उशिरा येणाऱ्याची बाजू घेणारा माणूस मी साऱ्या मुलखात एकच बघितला, आणि तो आमच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. मी चौथीपर्यंत शिकलेला, जन्म मेंढरांमागं गेला, गोड लिहिता येत नाय. पण मला एकदा जन्माचा उशीर झाला, अन् त्या दिवशी हा येडा दारात नसता तर मी माणसात राहिलो नसतो. म्हणून लिहितो.

माणूस फुलंब्रीकडचा, चाळिशीचा, बिनलग्नाचा. औरंगपुऱ्यात एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. सुट्टीच्या दुपारी ओट्यावर बसून तो आपल्या मशीनचं सांगायला लागला की समोरचं ऊन पिवळं होत जायचं, डोळे मिटायचे, अन् मला वाटायचं की हा कुठल्या तरी लांबच्या गावच्या पाटलाचं बोलतोय. मशीन सकाळी उठलं की सगळ्या भागांना कायदे वाचून दाखवतं, कुणी कसं वागायचं. पण एखादा भाग कामाची गरज पडल्यावरच आत येतो. त्याच्या नावाचा कायदा सकाळी वाचला तेव्हा तो हजरच नव्हता. मशीन म्हणतं, असा कुणी नाय, अन् पुढं जातं. मग हे महाराज दुपारी येतात आणि मनाला येईल तसं वागतात. आमच्या ह्या भाडेकरूनं आठ दिवस कायद्याचा कागद तपासला. कागदात चूक नव्हती, ऐकणारा गैरहजर होता. मला लगेच पटलं. सिल्लोडच्या बाजारातून मागाहून विकत आणलेल्या मेंढीला आमची शीळ कळत नाय, ती भलतीकडंच चालते. तिला काठी मारून काय उपयोग?

आमची मंडळी भाकरी थापता थापता म्हणाली, "मग त्याला सकाळीच उठवून आण की रं!"

"आणता येतं माई. पण काम नसताना कशाला उठवायचं बिचाऱ्याला? मी दाराशीच हुकूम ठेवलाय. तो आत आला की त्याच्या वाटणीचं तेवढंच त्याला वाचून दाखवायचं."

मशीन सुधारलं, पण माणूस बिघडला. तेव्हापासून उशिरा आलेला कुणीही दिसला की हा त्याला दारात गाठणार. शेजारच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला. "अक्षता झाल्या, जेवण डाव्या हाताला, नवरदेवाचा मामा रुसून गेलाय, त्याचा विषय काढू नका." समजूत काढून परत आणलेल्या मामालाही त्यानं हेच सांगितलं! मामा पुन्हा गेला. मी चिडलो, "अरे, माणूस बघून तरी सांग!" त्यावर हा शांत. "चुकलंच आबा. त्याच्या वाटणीचं नव्हतं ते." मंडळी इतकी हसली की तिला पदर तोंडात धरावा लागला.

तीच मंडळी पुढं अंथरुणाला खिळली. एक दिवस तिच्याच सांगण्यावरून मी सिल्लोडला भावाकडं मुक्कामाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गेली. जाताना शुद्धीवर होती. सुनेला, लेकाला, शेजारणीला, ज्याला त्याला सांगून गेली. मी तेवढा नव्हतो. पन्नास वर्षं संगं राहिलेला नवरा गैरहजर! फटफटीवर मागं बसून येताना रस्त्याकडंची मक्याची रानं पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती, अन् डोक्यात एकच, माझ्यासाठी काय बोलली असंल? का रागानं गप बसली असंल?

दारात हा उभा. हातात पाण्याचा तांब्या.

"आबा, आत जायच्या आधी ऐका."

"बाजूला हो."

"नाय होणार. आधी पाणी प्या. माईनं सांगितलंय, ते उन्हातून येतील, आधी पाणी दे, मग सांग." मी प्यालो. मग म्हणाला, "त्या म्हणल्या, ह्यांना मीच धाडलं होतं. ह्यांना माझं मरण बघवलं नसतं. रागावलेली नाय म्हणावं. आणि भाकरी सुनेच्या हातची गोड मानून खा म्हणावं."

"अजून?"

"तुमच्या वाटणीचं एवढंच."

एवढ्यावर मी रोज उठतो. सुनेची भाकरी जाड असते, गप खातो. दुपारी ओट्यावर पेंगतो. संध्याकाळी हा ऑफिसातून आला की दिवसभरात काय झालं ते मीच त्याला दारात सांगतो. तोही उभ्यानं ऐकतो, मग वर जातो. कधी डोळा लागता लागता वाटतं, वरही मी तिच्या मागूनच पोचणार. तिथले कायदे मला कुठं ठावं? पण ती दाराशी असंल, तांब्या घेऊन.