आठ ग्रह आणि देवाजीची माय

पडदा वर जातो तो इंदोरा वस्तीतल्या एका खोलीवर. एकोणीसशे बासष्ट, फेब्रुवारीतला पहिला रविवार, सकाळची वेळ. डावीकडे बाजेवर म्हातारी पंचफुलाबाई, उशाशी भरलेला लोटा. उजवीकडे भिंतीला टेकून तिचा मुलगा देवाजी. दाराशी मी: कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं, डोक्यावर गोंदानं चिकटवलेली शेंडी. सगळं कंपनीच्या पेटीतलं.

देवाजी आमच्या नाटक कंपनीचा पडदा ओढायचा. दिवसभर गिरणीत उभा, संध्याकाळी सदर भागातल्या थिएटरात दोरीशी उभा. कधीही पाहा, थकलेलाच. पण माझं शेवटचं वाक्य संपलं की मनात एक, दोन मोजायचा आणि मगच दोरी सोडायचा. माझ्या निम्म्या टाळ्या त्या दोन आकड्यांच्या होत्या. हे मी त्याला कधी बोललो नाही.

त्या दिवसांत मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून गावभर घबराट होती. चौकाचौकात होम पेटले होते. तालमीत देवाजीनं विचारलं, "भाऊ, ग्रह म्हणजे काय गा?"

मी ज्योतिष्याची भूमिका करत होतो, एका शास्त्रीबुवांकडून शब्द समजून घेतले होते. ऐटीत म्हणालो, "ग्रह म्हणजे धरणारा. माणसाला पकडतो तो. ग्रहण त्यातूनच आलं."

त्यानं घरी जाऊन गंमत म्हणून ते सांगितलं. म्हातारीनं मात्र धसका घेतला. एक धरणारा असता तर निभलं असतं, हे तर आठ! शांत केल्याशिवाय पाणी घेणार नाही म्हणाली. दीड दिवस झाला.

"भट बोलावता येत नाही," देवाजी मला म्हणाला. "छप्पन साली बौद्ध दीक्षेत शपथ घेतली हाय."

"मी कुठे भट? मी तर तेल्याचा पोरगा," मी छातीवर हात मारला. "शांती मी करतो!"

म्हणून मी दाराशी उभा होतो. मंत्राला तोंड उघडणार, तोच देवाजी भिंतीचा आधार घेत उठून माझ्या कानाशी आला.

"नको भाऊ. दीक्षेले मायच घेऊन गेली मले. मी घाबरून राहिलो होतो, तिनं हात सोडला नाही. तिले नाटकानं फसवू काय?"

"कोण आलं गा?" बाजेवरून आवाज आला.

मी शेंडी ओढली. गोंदाबरोबर चार केस आले आणि मी बोंबललो. म्हातारीनं डोळे किलकिले केले. कोरड्या घशातून हसू आलं ते खोकला होऊनच.

"अगा देवाजी, हा तं तुझा नाटकवाला! टक्कल पडलं न याले!"

मी बाजेशी जमिनीवर बसलो. "माय, मी अर्धंच सांगितलं होतं. धरणारा हे नाव आपल्या जुन्या माणसांनी ठेवलं. ग्रीकांनी त्यांनाच भटके म्हटलं, इंग्रजांनी तोच शब्द उचलला. बाकीचे तारे आपली जागा सोडत नाहीत, हे फिरत राहतात, म्हणून."

"नुसते फिरतेत? धरत नाही कोणाले?"

"आकाशात काय दिसतं तर फिरणं. धरतात असं आपणच म्हटलं."

ती देवाजीकडे वळली. "गिरणी, थेटर, घर. हाही फिरूनच राहिला. जेवला काहून नाही गा तू?"

"तू पाणी पेत नाहीस, मी कसा जेवू?"

"आण तो लोटा."

माय त्यानंतर नऊ वर्षं जगली. कंपनी तिच्या आधीच मोडली. एकोणऐंशी साली इंदोऱ्यात गेलो तर त्याच बाजेवर देवाजी होता. चार शब्दांत धाप लागत होती. त्या दोन आकड्यांचं देणं मी त्या दिवशी बोलून टाकलं. त्यानं नुसता हात हलवला. मी उठलो, दारापर्यंत गेलो, तेव्हा मागून म्हणाला, "ते राहू द्या भाऊ. शेंडी हाय काय अजून? जपून ठेवा जी. मायले लय हसू आलं होतं."