भुताचा दुसरा डोळा

आमच्या इंग्रजीच्या सरांच्या डोक्यात कधी काय येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पेणच्या कॉलेजात आम्हाला इंग्रजांच्या त्या सगळ्यात थोरल्या नाटककाराचं खुनाचं नाटक होतं, आणि आमची मजल गाईडपर्यंत. एके दिवशी सर म्हणाले, "गाईड फेका. यातला एक प्रवेश तुमच्या हाताला जे येतं त्यातून करून दाखवा. मातीत करा, कॉम्प्युटरवर करा, मला काय!" नव्वदचं दशक संपत आलं होतं. पेणात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते आणि 'मल्टिमीडिया' हा शब्द जो तो तोंडात घोळवत होता.

गटात आम्ही तिघं. मी रोह्याची, शटल गाडीने ये-जा करणारी. एक वर्गमित्र, त्याच्या भावाचा कॉम्प्युटर क्लास, म्हणून भलताच भाव खाणारा. आणि माझी मैत्रीण, गणपतीच्या कारखान्यात वाढलेली. आम्ही मेजवानीचा प्रवेश घेतला. राजाने आपल्याच मित्राचा खून करवलाय आणि त्या मित्राचं भूत येऊन भर पंगतीत राजाच्या जागेवर बसतं, पण दिसतं एकट्या राजाला. मैत्रीण भुताचं शाडूचं डोकं करणार, वर्गमित्र फोटो काढणार, मग ते स्कॅन करून कॉम्प्युटरवर एकामागून एक सरकवायचे, म्हणजे भूत डोळे उघडतंय असं वाटेल. आधी कोरे डोळे, मग एक, मग दोन्ही.

मैत्रिणीचे बाबा गेल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मूर्तीचे डोळे रंगवणं म्हणजे आखणी, आणि त्यांच्या आखणीला पेणात तोड नाही असं लोक म्हणत. ते दार लावून आखायला बसत. आत रंग कालवायला फक्त तिची आई. ते गेले आणि काका टपलाच. "आखणी करणारं कोण हाय तुमच्यात? होळी झाली की कारखाना मी घेतो." मैत्रीण म्हणे, मी करीन. आई म्हणे, "नाय. आखणी तुझ्या बाबांबरोबर गेली." का, ते सांगायची नाही. मैत्रिणीचा जीव नुसता तळमळायचा.

डोकं तिने अप्रतिम केलं. कारखान्यात फळ्यांवर पांढऱ्या मूर्ती ओळीने बसलेल्या, सगळ्या कोऱ्या डोळ्यांच्या. तिथे मला कधीच नीट श्वास घेता आला नाही. डोळे नसलेले एवढे चेहरे समोर असले की उलट कोणीतरी बघतंय असंच वाटतं. संध्याकाळी तिने भुताचा डावा डोळा आखला आणि नेमका मित्राच्या कॅमेऱ्यातला रोल संपला. "उद्या सकाळी नवा आणतो, तोवर तसंच ठेव," तो म्हणाला.

मैत्रीण जरा घुटमळली. त्यांच्या कारखान्यात एक डोळा आखून उठायचं नाही असा नियम होता. अर्धवट बघणारं काही घरात रात्रभर ठेवायचं नसतं म्हणे. मग तीच हसली. "नियम देवाला. ह्ये तर भूत हाय!" मी शटल पकडली, कासू स्टेशन मागे पडलं, तरी तो एकटा डोळा माझ्या नजरेसमोरून हलेना.

सकाळी तिने आमच्यासमोर कारखान्याचं कुलूप काढलं. डोक्याला दोन्ही डोळे होते.

मित्र "आयला!" म्हणून जो मागे सरला तो थेट अंगणात. उजवा डोळा डाव्यासारखाच होता, पण डावा नुसता रंगवलेला, आणि उजवा बघत होता. मी दाराकडे सरकले तर दाराकडे, खिडकीकडे गेले तर तिकडे. मैत्रीण मात्र त्याच्या अगदी जवळ गेली. पापणीवरून बोट फिरवायला गेली आणि पांढरीफटक पडली. "ही बाबांची रेघ हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस! त्या दिवसापासून ती रोज दुपारी त्या डोक्यासमोर चहा ठेवायला लागली. खरं सांगते, मला भुताची भीती वाटत नव्हती, तिची वाटत होती. ती खूश होती. "बाबांनी दुसरा डोळा काढून दिला. म्हणजे माझा पहिला त्यांना पटला. आता आई कशी नाय म्हणते बघू."

फोटो धुऊन आले, स्कॅन झाले, आणि ती आईला ओढूनच कॉम्प्युटर क्लासमध्ये घेऊन आली. माउलीने चपला बाहेर काढल्या, पदर सावरला आणि खुर्चीच्या कडेवर बसली. मित्राने उजवा डोळा मोठा केला, आणखी मोठा केला. परातीएवढा डोळा पडद्यावरून आमच्याकडे बघायला लागला. कुंचल्याची रेघ न् रेघ दिसत होती.

"वळख कोणाचा हात त्यो," मैत्रीण म्हणाली. "बाबांनी परवानगी दिलीय मला."

आई कितीतरी वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अगो, त्यो मी काढला."

मैत्रिणीने पडद्यावरची नजर काढून आईकडे वळवली.

"एक डोळा काढून निजायला गेलीस. तसलं भिंतीपलीकडं बघत बसलेलं, मला झोप कशी लागावी? उठले, कुलूप काढलं आन पुरा केला."

"पण ही रेघ बाबांची..."

"तुझ्या बाबांना दिसत नव्हतं गो. कवापासून. दार लावून मीच आखायची. लोकं त्यांना नावाजायची, मी आत कुंचले धुवायची. तुला बसवली असती तर शिकवायला लागलं असतं, आन शिकवलं असतं तर तुला कळलं असतं. त्यांचं नाव जाऊ नये म्हणून नाय म्हणत व्हते." तिने लेकीचा हात धरला. "आता बस तू. मी परवानगी देते."

मला वाटलं, मैत्रीण उड्या मारेल. इतके दिवस हेच तर हवं होतं! पण ती हमसून हमसून रडायला लागली. इतके दिवस ती चहा ठेवत होती, आणि तिथे कोणीच येत नव्हतं.

"मला बाबांची परवानगी पायजे व्हती," ती म्हणाली.

आईने तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. "मला पण गो," ती म्हणाली. "आज ह्ये बोलायला मला पण पायजे व्हती."