सारवणात उमटलेली पावलं

या सदरातल्या हकिकती मी आवडीनं वाचतो आणि प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलीनं कारण लिहितो — वारा, ताप, अफू, थाप. आजवर एकही जागा कोरी सोडलेली नाही. भुतंखेतं, अंगात येणं, असल्या कशावर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या डोळ्यांसमोर घडली… तेवढी सांगतो.

अमेरिकेतल्या लढाईमुळं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी अमरावतीच्या कचेरीत कारकून होतो. कागद नीट लावणारा माणूस हवा म्हणून चाळिशी उलटल्यावर मला पोलिसात घेतलं. तपास शिकवला आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी. आम्ही त्यांना खानसाहेब म्हणत असू. त्यांचे नियम मोजके होते. आधी जागा पाहा, मग माणसं. पाहिलेलं आणि ऐकलेलं एका कागदावर लिहू नका. आणि मारून काढलेली कबुली म्हणजे तपास नव्हे. "पंडितजी, मारलं तर मीही कबूल होईन," असं ते हसून म्हणत.

मग एकदा त्यांनी मला एकट्याला पाठवलं — अकोला जिल्ह्यात, पातूरच्या अलीकडच्या एका गावी. नाव देत नाही, त्या घरची माणसं अजून तिथं नांदताहेत.

उकंडराव पाटलांच्या देवघरातून दागिन्यांचा तांब्याचा डबा गेला होता. पाटलांच्या आईचे दागिने. म्हातारी आदल्या उन्हाळ्यात वारली होती, आणि ते नातीच्या लग्नात घालायचे होते. आळ आला होता सोमावर. हा वरच्या डोंगरातल्या सेमाडोहकडचा कोरकू. कापूस वेचायला खाली उतरला आणि म्हातारीनंच त्याला कामावर ठेवून घेतलं. मी पोचलो तेव्हा तो चावडीत खांबाला बांधलेला होता.

"जमादारसाहेब, दोन फटके हाना, आत्ता बोलते थो," एकानं सल्ला दिला.

"कोणी पाहिलं का त्याला चोरताना?"

"पाहाले कायले लागते? जंगलातला हाय ना!"

सोमा मान खाली घालून म्हणाला, "मायनं मले भाकर देल्ली साहेब. तिच्या घरात मी चोरी करीन?"

मी त्याला सोडवलं, पाणी द्यायला लावलं आणि चावडीतच बसवून ठेवलं. हातात काही लागलं नाही तर त्याला कैदेत पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, हे मला ठाऊक होतं. गावाला तेवढंच हवं होतं.

मी आधीच निरोप धाडला होता, की मी येईपर्यंत देवघराकडं कुणी वावरू नये. त्यामुळं ठशांची मला फार आशा होती. जाऊन पाहतो तर देवघरापासून कापसाच्या खोलीपर्यंतची सगळी पडवी शेणानं गुळगुळीत सारवलेली! अजून ओली.

"हे कोणी केलं?"

मागच्या दाराआडून पाटलीणबाई म्हणाल्या, "मीनं. सरकारी मानसं घरी येनार, मंग घर का तसंच ठेवू?"

"अहो बाई, चोराच्या पायाचे ठसे असतात!"

"म्हनूनच त सारवलं! किती पाय उमटेल होते थे… पावन्यापुढं लाज नाई का वाटत?"

मी कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसलो आणि कागद काढला. ऊन तिरपं आत आलं होतं. सारवण कडेनं वाळायला लागलं, रंग फिका पडत चालला. आणि मग पाहतो तर… ओल्या पडवीच्या मधोमध एक डाग आधी वाळला. पावलाच्या आकाराचा. त्याच्यापुढं दुसरा, मग तिसरा. देवघराकडून कापसाच्या खोलीकडं चाललेली पावलं! बोट फिरवून पाहिलं — खळगा नाही, जमीन सपाट. पडवीत यायला वाट एकच, आणि त्या वाटेवर मी बसलेलो.

दोऱ्यानं माप घेतलं. पाऊल लहान, उजवी करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. पाटलांना हाक मारली. ते आले, वाकले आणि तिथंच खाली बसले.

"माह्या मायचं पाऊल होय हे. करंगळी अशीच चढेल होती तिची."

पाटलीणबाईंनी दाराआडूनच हात जोडले. मी असलं मानणारा नव्हे. पण पाहिलं ते पाहिलं. शेवटचं पाऊल कापसाच्या ढिगाच्या डाव्या कोपऱ्याशी थांबलं होतं. तिथं खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना धातू लागला.

डबा मी बाहेर काढला नाही. घरातच सापडला म्हटलं असतं तर लोकांनी तो सोमानंच लपवला म्हणून सांगितलं असतं. मी विचार केला — हा ढीग आता कोणाचा? विकला गेलेला. गाड्या दारात उभ्या होत्या, आणि घेणाऱ्या अडत्याचा माणूस बन्सी वजनावर देखरेख करायला पाटलांकडंच उतरला होता. मी अंगणात येऊन मोठ्यानं सांगितलं, "कापसाचा या केसशी संबंध नाही. भरा गाड्या." दोन पंच शेजारच्या खोलीत दाराच्या फटीशी उभे केले.

बन्सी स्वच्छ धोतरात आला. हमालांना म्हणाला, "तुम्ही उजवीकडून भरा, हा कोपरा मी पाहतो." आजवर कापसाला बोट न लावलेल्या माणसानं बाह्या सारल्या आणि हात नेमका तिथंच खुपसला. डबा धोतरात लपवताना पंचांनी त्याला धरलं.

त्याच्या पायाचंही माप घेतलं. लांबच लांब पाऊल. घरातल्या एकाही माणसाचं माप त्या दोऱ्याशी जुळलं नाही.

रिपोर्टात मी पावलांचा उल्लेख केला नाही. खानसाहेबांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "सारवून पाहा." तेलाचे पाय, ओले पाय, राखेचे पाय — घरी सगळ्या तऱ्हेच्या ठशांवर सारवून पाहिलं. "तुमच्या तपासापायी माझे हात शेणातून निघत नाहीत," अशी बायको करवादली. एकदाही काही उमटलं नाही. कारण मला आजही सापडलेलं नाही.

त्या दिवशी पाटील स्वतः चावडीत जाऊन सोमाला घेऊन आले. "चुकलो गड्या. चाल, जेवून जाय," म्हणाले. तोवर पडवी पूर्ण वाळली होती, सगळीकडं एकच रंग. पावलं दिसली तेव्हा सोमा चावडीत होता, आणि वाटेतही त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी नंतर एकेकाला विचारून खात्री केली. तरी तो भिंतीला अंग घासत, कडेकडेनं आत आला.

"असा भिंतीनं काहून चालला बे?" पाटलांनी विचारलं.

सोमा हसला. "मंधात माय हाय ना."

पाटलीणबाईंनी ताट वाढलं. जेवण झाल्यावर मी उठलो, आणि मीही कडेकडेनंच बाहेर आलो.