जर्मनीचा पाहुणा

आंतरराष्ट्रीय पर्यटन व्यवसायाचा मी पदवीधर आहे. हसायचं असेल तर हसा, मी पुरेसा हसून घेतलेला आहे. ही पदवी मी उल्हासनगरात, कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर मिळवली. नव्वदीच्या दशकाचा तो मधला काळ. कशाच्याही आधी ‘आंतरराष्ट्रीय’ लावलं की लोक देवळात शिरल्यासारखे चपला काढून आत यायचे. आमच्या संस्थेने तो शब्द तर लावलाच होता, शिवाय पाटीवर कुठल्याशा परदेशी विद्यापीठाचं नाव होतं आणि खाली विमान रंगवलेलं होतं. पाटी रंगवणाऱ्याने विमानाला तीन पंख काढले होते. दोन वर्षांत ते कुणीही दुरुस्त केलं नाही.

संचालक टाय लावायचे आणि बोलताना खांदे उडवायचे. त्यांचा परदेशाशी आलेला संबंध एवढाच, की त्यांचा मेहुणा मस्कतला होता. तेच शिकवायचे, तेच फी घ्यायचे आणि फळाही तेच पुसायचे. त्यांनी स्वित्झर्लंडचा नकाशा काढायला घेतला की खालच्या शिलाई मशिनी सुरू व्हायच्या. मग त्यांचे नुसते ओठ हलताना दिसायचे. त्यात आमचं काही नुकसान झालं असं मला आजही वाटत नाही.

प्रात्यक्षिकं तर विचारूच नका. खुर्च्यांच्या दोन-दोनच्या रांगा लावून विमान व्हायचं आणि खालून आणलेल्या डेनिमच्या चिंध्या कमरेला बांधून आम्ही सीटबेल्ट लावायचो. काटा-सुरीने खायचा तास असायचा. त्यासाठी कोपऱ्यावरच्या गाडीवरून दाल-पकवान यायचं, कारण जवळ तेवढंच मिळायचं. पकवान म्हणजे कडक तळलेली पुरी. काटा टोचला की तिचे तुकडे शेजारणीच्या ओढणीवर. सर म्हणायचे, ‘‘युरोपात असं चालणार नाही.’’ युरोपात पकवान कोण देणार होतं, हे विचारायची अक्कल वीस जणांपैकी एकालाही नव्हती. मलाही नव्हती.

खालच्या कारखान्याचे सिंधी शेठ एकदा जिन्यात मला म्हणाले, ‘‘बेटा, तेरे साबने खुद कभी एअरपोर्ट अंदर से देखा है क्या? पूछ तो सही.’’ मी नाक मुरडून वर गेलो. पँट शिवणाऱ्या माणसाला पर्यटनातलं काय कळणार, असं मला वाटलं. त्या काळात मला सगळ्यांबद्दलच असं वाटायचं आणि सगळ्यात जास्त बाबांबद्दल.

बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं होते. आम्ही बदलापूरला राहायचो. ते घरी आले की त्यांच्याआधी त्यांच्या कपड्यांचा वास आत यायचा. त्या वर्षी ते निवृत्त होणार होते आणि युनियनच्या करारात एक कलम होतं: निवृत्त होणाऱ्या कामगाराच्या एका मुलाला आधी बदली, म्हणजे हंगामी कामगार म्हणून घ्यायचं, मग कायम करायचं. मुलाला नको असेल तर बापाने तसं लिहून द्यायचं, म्हणजे जागा यादीतल्या पुढच्याला जाते. आमच्या चाळीत या एका कलमावर लग्नं ठरायची. बाबांनी मला विचारलं तेव्हा मी, शिंगं फुटलेला मी, म्हणालो, ‘‘तुमच्या त्या वासात जन्म काढायला मी शिकत नाहीये.’’ ते उठून हातपाय धुवायला गेले. आईने मात्र हातातली पळी ओट्यावर आपटली.

शेवटची परीक्षा तीन महिन्यांवर असताना मी मुंबईतल्या एका प्रवासी कंपनीत नोकरीचं विचारायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी माझा बायोडाटा उलटा-सुलटा करून पाहिला, मग शेजारच्या बाईंना दाखवला. दोघींनी तो मन लावून वाचला. मग पहिल्या बाई अगदी मायेने म्हणाल्या, ‘‘हे विद्यापीठ कुठेच धरत नाहीत हो. बारावी झालीये ना तुमची? ती सांगत जा.’’ खाली उतरेपर्यंत मला सगळं कळलं होतं. संस्था बोगस, पदवी बोगस, आणि कारखान्यातली ती वास येणारी जागा तेवढी खरी. हे घरी सांगायचं म्हणजे आपले शब्द आपणच गिळायचे. मी मूग गिळून बसलो.

मग आली अंतिम प्रात्यक्षिक परीक्षा. परदेशी पाहुण्यांच्या गटाला अंबरनाथचं शिवमंदिर दाखवायचं, इंग्रजीतून. परदेशी पाहुणे आणायचे कुठून? सरांनी त्यावर खास आपला तोडगा काढला: प्रत्येकाने घरून एक माणूस आणायचा. त्या माणसाच्या छातीवर सेफ्टी पिनने देशाचं नाव लावायचं. पाहुण्याने मराठी बोलायचं नाही, फक्त ‘येस’ आणि ‘व्हेरी नाइस’. आणि पाहुण्याने देवाला नमस्कार करायचा नाही, परदेशी माणूस करत नाही, केला तर विद्यार्थ्याचे गुण कापणार.

परीक्षा शुक्रवारी होती आणि शुक्रवारी बाबांच्या कारखान्याला सुट्टी. आई नको म्हणाली, बाबा तयार झाले. निरोपसमारंभासाठी शिवून ठेवलेला पांढरा बुशशर्ट त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा घातला. सरांनी त्या शर्टाला भोक पाडून जर्मनी टोचला. नऊवारीतल्या एका मावशींना फ्रान्स मिळालं. त्या सारख्या पदराने ते नाव झाकत होत्या.

माझी पाळी आली. मी सरांच्या नोट्स घडाघडा सुरू केल्या. ‘स्फटिकासारख्या स्वच्छ नदीकाठी’ वसलेलं मंदिर, असं मी म्हणालो तेव्हा शेजारून ती नदी, वालधुनी, लालसर फेस घेऊन वाहत होती आणि फ्रान्सने नाकाला पदर लावला होता. नोट्स सरांनी दुसऱ्याच कुठल्यातरी देवळाच्या पुस्तकातून उतरवलेल्या होत्या. त्यात गाभाऱ्याकडे पायऱ्या चढून जायचं होतं. अंबरनाथला गाभारा खाली आहे, शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. लहानपणी दर महाशिवरात्रीला बाबांनीच मला कडेवर घेऊन त्या पायऱ्या उतरवलेलं. तरी मी हसतमुखाने म्हणालो, ‘‘नाऊ वुई विल क्लाइंब अप,’’ आणि सगळ्यांना घेऊन खाली उतरू लागलो. सर मान डोलवत होते. बाबा भिंतीला धरून एकेक पायरी उतरत म्हणाले, ‘‘येस, येस.’’

खाली पिंडीसमोर उभं राहिल्यावर बाबांचे दोन्ही हात सवयीने छातीपर्यंत आले. तिथे ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वही घेऊन उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं, आणि हात खाली घेऊन पँटच्या खिशात घातले. दर सोमवारी पाळी संपवून बेल वाहायला इथे येणारा माणूस खिशात हात घालून महादेवासमोर उभा राहिला, आणि ‘‘व्हेरी नाइस’’ म्हणाला. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

पुढचं थोडक्यात सांगतो. वर्षभरातच संस्थेला कुलूप लागलं. पाटी उतरवायलाही कुणी आलं नाही. मी बदलापूर स्टेशनबाहेर एका टपरीत सहलीच्या बसची तिकिटं फाडायला लागलो, शिर्डी आणि महाबळेश्वर. परदेशाशी एवढाच संबंध आला की एकदा एका गोऱ्याने कल्याणची गाडी कुठे लागते ते विचारलं. बाबांची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला मिळाली. तो कायम झाला, त्याने दोन खोल्या घेतल्या. त्याचा राग करावा असं त्याने काही केलेलं नाही.

संस्थेवर, सरांवर मी हवा तेवढा थुंकू शकतो. ते सोपं आहे. त्या शुक्रवारी परीक्षेहून परत येताना बाबा खूश होते. ‘‘माझी तर बोबडी वळली असती,’’ म्हणाले, ‘‘पायऱ्या खाली असून वर म्हणालास, पण अडखळला नाहीस. तुला कशाला हवा कारखाना?’’ लिहून द्यायची मुदत शनिवारची होती. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी कागद-पेन घेतलं आणि विचारलं, ‘‘बघ हां, नक्की नको ना? उद्या देऊन टाकतो मग.’’ मी म्हणालो, ‘‘नक्की.’’ रात्री निजण्याआधी त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा मी वैतागून म्हणालो, ‘‘किती वेळा सांगायचं, बाबा?’’ आणि ते म्हणाले, ‘‘चुकलं माझं.’’