रासबेरीच्या काट्यावर नेवेंका

नेवेंका आमच्या कंपनीत फोन उचलायची. त्याआधी बारा वर्षं इथेच, आमच्या चाचक शहरातल्या बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवायची. संगणकाचं शिक्षण शून्य. रासबेरी खरेदी केंद्रांचा अख्खा प्रोग्राम मी लिहिला, अकरा वर्षं खपून. तरी हल्ली आमचे मालक वुकाशिन ऊठसूट विचारतात, "नेवेंका काय म्हणते?" माझ्या पोटात दुखतं, ते मी लपवत नाही.

झालं असं, की जूनमध्ये तिने रजा काढली आणि इवान्यित्सा गावाच्या वरच्या अंगाला एका केंद्रावर हंगामी कामाला लागली. कुठून आली ते कुणाला सांगितलं नाही. नऊ दिवस क्रेट उचलले, काट्यावर वजनं केली, माझ्याच प्रोग्रामवर पावत्या काढल्या. परतली ती वहीत सत्तावीस तक्रारी घेऊन. रसाने चिकट झालेल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. मागे रांग खोळंबलेली असताना एक नाव शोधायला पाच पायऱ्या. गावात मिलान येवतिच नावाचे चार शेतकरी आहेत आणि पावती नेमकी भलत्याच मिलानच्या नावावर निघते.

"एवढ्यासाठी नऊ दिवस?" मी म्हणालो. "फोन करून विचारायचं की."

"फोनवर सगळे 'ठीक चाललंय' म्हणतात," ती म्हणाली.

केंद्रांसाठी आता नवा प्रोग्राम करायचा होता आणि त्याची सूत्रं कुणाकडे द्यायची, ते वुकाशिन सोमवारी ठरवणार होते. हक्क माझा होता. म्हणून शुक्रवारी मी गाडी काढली आणि त्याच केंद्रावर गेलो. हिचं नऊ दिवसांचं काम एका दिवसात करून दाखवतो, म्हटलं.

केंद्र चालवणारी रोसा साठीची असेल. मी कोण ते सांगितल्याबरोबर हातातलं काम टाकून आली. "इंजिनिअरसाहेब स्वतः आलात? अहो, बसा ना." खुर्ची आली, कॉफी आली, चेरीचा मुरांबा आला, राकियाचा, म्हणजे फळांच्या घरगुती दारूचा, छोटा पेला आला. मी स्क्रीनकडे हात नेला की, "राहू द्या हो. पाहुण्याला कामाला लावलं म्हणून गाव मला नावं ठेवेल."

"काही तक्रार?"

"छे, सोन्यासारखा चालतो तुमचा प्रोग्राम."

बोलताना तिने रसाने चिकट झालेलं बोट तीनदा एप्रनला पुसलं. मी ते पाहिलं आणि मुरांबा खात राहिलो.

सोमवारी मी ऐटीत सांगितलं, "केंद्रावर एकही तक्रार नाही. नेवेंकाबाईंना जरा जास्तच दिसतं."

ती चिडली नाही. "मुरांबा दिला का त्यांनी तुम्हाला?"

"दिला. दोनदा."

"मग त्या बिचाऱ्या तोंडावर कशा सांगतील?"

वुकाशिन खाली बघून हसले. सूत्रं तिच्याकडे गेली.

जिन्यात मी तिला गाठलं. "आणि तुला काय दिलं होतं गं रोसाने?"

"मला?" ती हसायला लागली. "पहिल्याच दिवशी चुकीची पावती निघाली. सगळ्या रांगेसमोर म्हणाली, 'बये, हे हात आहेत की लाकडं? आणि हा प्रोग्राम कुठल्या गाढवाने लिहिलाय कोण जाणे.'"

मला हसता आलं नाही. अकरा वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणीतरी पहिल्यांदा खरं बोललं होतं. ती शिवी माझी होती, आणि मिळाली तिला.